शिकवणी शोधताना

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित पालक मेळाव्यातील भाषण)



मी शिक्षणतज्ज्ञ नाही. कापडाच्या दुकानात आयुष्य गेलेला एक पालक आहे. गणित आणि रसायनशास्त्राची शिकवणी कशी शोधावी, या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की ती शोधताना मी एकदा चुकलो आणि त्या चुकीची किंमत माझ्या मुलीला मोजावी लागली.

ती तेव्हा नववीत होती. घटक चाचणीत गणित व विज्ञानाचे गुण घसरले. मी गावातील सर्वांत मोठी जाहिरात असलेला वर्ग गाठला, वर्षाची फी एकरकमी भरली आणि निश्चिंत झालो. दुकानात येणारे गिऱ्हाईकसुद्धा कापडाचा पोत बोटांनी चाचपून पाहते. मी मात्र पाटी पाहून सौदा केला. एका खोलीत शंभराच्या आसपास मुले. मुलगी वह्या भरून आणी. अक्षर सुंदर, उत्तरे अचूक. परंतु सारी फळ्यावरून उतरवलेली. सहामाहीत विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेतील रसायनाचा भाग जवळजवळ कोरा राहिला. ती उत्तरपत्रिका तिने दप्तराच्या तळाशी लपवून ठेवली होती. विचारल्यावर म्हणाली, "पप्पा, एवढी फी भरलीत, आता कोणत्या तोंडाने सांगू?" ते शब्द मी अद्याप विसरलेलो नाही.

त्यानंतर आम्ही आमच्या गल्लीतील एका निवृत्त शिक्षकांकडे गेलो. त्यांनी निकालांची यादी दाखवली नाही. तिच्यापुढे कागद ठेवला आणि हायड्रोजन व ऑक्सिजनपासून पाणी तयार होण्याचे समीकरण संतुलित करावयास सांगितले. ऑक्सिजनचे अणू जुळावेत म्हणून तिने पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनखाली दोनचा अंक लिहिला. सर हसून म्हणाले, "बाळ, समीकरण जुळले खरे, पण पाण्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड झाले!" सूत्रातील अंक ही पदार्थाची ओळख असते, ती बदलायची नाही, रेणूंची संख्या बदलायची. हायड्रोजनचे दोन रेणू, ऑक्सिजनचा एक आणि पाण्याचे दोन. एवढी एक गोष्ट उमगली नव्हती, म्हणून पुढची प्रत्येक अभिक्रिया तिच्यासाठी पाठांतर झाली होती. गणितातही तेच. कंसाबाहेरचे ऋण चिन्ह आत नेताना ती अडखळे. तो दोष आधीच्या इयत्तेतला होता आणि त्याच्यावर नववीचे बीजगणित उभे होते.

बंधू-भगिनींनो, मला सांगावयाचे आहे ते हेच. शिक्षक शोधण्यापूर्वी आपले मूल नेमके कोठे अडले आहे, ते शोधावे. त्याच्या चुकलेल्या उत्तरपत्रिका सोबत घेऊन जावे. जो शिक्षक पहिल्या भेटीत त्या चुका न्याहाळतो, तो निवडावा. आधी चार-सहा तास शिकवून पाहण्याची विनंती करावी. आठवड्याने मुलाला तेच उदाहरण आकडे बदलून, वही मिटून सोडवावयास सांगावे. फी शक्यतो महिन्याची महिन्याला द्यावी. शिकवणी घरी असल्यास ती बैठकीच्या खोलीत, घरचे मोठे माणूस असताना व्हावी. वेळ ठरवताना मुलाची झोप, खेळ आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन यांचा विचार व्हावा.

कायद्याची माहितीही असावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शाळेतील शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. तेव्हा वर्गशिक्षकांनाच गळ घालणे योग्य नव्हे. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत १६ वर्षांखालील विद्यार्थ्यांना कोचिंग केंद्रांनी प्रवेश देऊ नये आणि मध्येच सोडल्यास उर्वरित फी १० दिवसांत परत करावी, असे म्हटले आहे. परंतु त्या सूचना ५० हून अधिक विद्यार्थ्यांच्या केंद्रांसाठी आहेत. घरगुती शिकवणी त्यांत येत नाही. तेथे पालकांची दक्षता हाच नियम.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनीही साताऱ्यात शिकवण्या घेतल्या होत्या. संस्कृत, इंग्रजी आणि गणित शिकवणारे ते 'मडवाण्णा मास्तर' म्हणून ओळखले जात. त्याच मास्तरांनी पुढे १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करून गोरगरिबांच्या मुलांसाठी शिक्षणाचे दार उघडले. त्यांचे स्मरण करताना एक विनंती करतो. शिकवणीची फी न परवडणारी मुले आपल्यातही आहेत आणि ती संकोचाने बोलत नाहीत. आपल्यातील निवृत्त शिक्षक, अभियंते आणि महाविद्यालयीन युवक-युवतींनी आठवड्यातून दोन तास दिले, तर या सभागृहातच त्यांची सोय होईल. नावे नोंदवण्यासाठी कार्यालयात वही ठेवावी, अशी विश्वस्तांना नम्र सूचना.

माझ्या मुलीला दहावीत किती गुण मिळाले, हे मी सांगणार नाही. दहावीच्या जानेवारीत ती सरांना म्हणाली, "सर, आता मी माझी मी सोडवते, अडले तरच येईन." सरांनी त्या दिवशी पेढे वाटले. शिकवणी सुटली, हेच त्यांच्या लेखी तिचे यश होते.