धर्मादाय कोणाचा, सत्ता कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आजच्या विषयासाठी मी अमेरिकेतील पिट्सबर्ग हे शहर निवडले आहे. कामगार चळवळीच्या इतिहासात आपण त्याचे नाव वाचलेले असते. १८९२ साली याच शहराच्या वेशीवरील होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात कार्नेगीच्या कंपनीने प्रथम पिंकर्टनचे भाडोत्री शिपाई उतरवले. पुढे राज्याचे सैन्य आले आणि कामगारांची संघटना मोडली गेली. आज त्या शहरातील सर्वांत उंच इमारतीवर, पोलाद कंपनीच्या नावाने उभारलेल्या ६४ मजली मनोऱ्याच्या माथ्यावर, एका रुग्णालयसंस्थेची आद्याक्षरे झळकतात. २००८ साली ती तेथे चढली. यूपीएमसी, म्हणजे पिट्सबर्ग विद्यापीठ वैद्यकीय केंद्र, ही ती संस्था. पोलादाची जागा रुग्णालयाने कशी घेतली आणि त्यात श्रमिकाच्या पदरी काय पडले, हे आपल्याला समजून घ्यायचे आहे.

आरंभीच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या विद्यापीठाची वैज्ञानिक कामगिरी थोर आहे. जोनास साल्क यांनी पोलिओची लस येथेच तयार केली. १९५५ साली ती यशस्वी ठरल्याचे जाहीर झाले आणि साल्क यांनी तिचे पेटंट घेतले नाही. त्या संशोधनामागे सामान्य माणसांनी दहा-दहा सेंटांची नाणी घालून जमवलेला निधी होता. १९८१ साली आलेल्या थॉमस स्टार्झल यांनी यकृतारोपणाच्या क्षेत्रात शहराला जगाच्या नकाशावर नेले. तेव्हा आपला आक्षेप विज्ञानाला नाही. विज्ञानाच्या आणि धर्मादायाच्या नावावर उभ्या राहिलेल्या सत्तेचा हिशेब आपल्याला मागायचा आहे.

ही सत्ता वाढली कशावर? १९४९ च्या संपात पोलाद कामगारांनी निवृत्तिवेतन आणि आरोग्यविमा मिळवला. गॅब्रिएल विनंट या इतिहासकाराने २०२१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, कामगारांनी लढून मिळवलेल्या या विम्याच्या पैशावरच तेथील रुग्णालये पोसली गेली. १९८६ साली होमस्टेडचा कारखाना बंद पडला. मजुरी गेली, मागे उरले वृद्ध, आजारी कामगार. त्यांचा विमा व वृद्धांसाठीची सरकारी योजना मात्र चालू होती. म्हणजे उद्योग बुडाला तरी रुग्णालयांच्या तिजोरीत येणारा ओघ आटला नाही. त्याच सुमारास विद्यापीठाने आपली संलग्न रुग्णालये एका व्यवस्थापनाखाली आणली. ज्यू समाजाने उभारलेले माँटेफिओर १९९० साली, मुलांचे रुग्णालय २००१ साली, आणि कॅथलिक भगिनींनी १८४७ मध्ये स्थापन केलेले मर्सी २००८ साली या संस्थेत विलीन झाले. संस्थेने स्वतःची विमा कंपनीही काढली. आज तिच्याकडे ४० हून अधिक रुग्णालये आणि सुमारे एक लाख कर्मचारी आहेत. सिसिलीतील पालेर्मोपर्यंत तिचा विस्तार आहे. एवढे होऊनही कायद्याच्या दृष्टीने ती नफा न कमावणारी धर्मादाय संस्था आहे!

आता ब्रॅडॉकची कथा ऐका. कार्नेगीचा पहिला मोठा पोलाद कारखाना १८७५ साली या गावी सुरू झाला. तेथील रुग्णालय या संस्थेच्या ताब्यात होते. तोटा होतो आणि रुग्ण कमी येतात, असे कारण देऊन जानेवारी २०१० अखेर ते बंद करण्यात आले. गावाने निषेध केला, महापौरांनी निषेध केला. उपयोग झाला नाही. २०१२ साली याच संस्थेने काही मैलांवरच्या, तुलनेने सुस्थितीतील मन्रोव्हिल उपनगरात नवे रुग्णालय उघडले. तेथे एक प्रतिस्पर्धी रुग्णालय आधीपासून होतेच. साथींनो, विस्तार याला म्हणतात! रोग जेथे अधिक तेथून खाटा उठतात. विमा जेथे चांगला तेथे त्या मांडल्या जातात. यात कोणा एका अधिकाऱ्याचे दुष्टपण शोधण्याची गरज नाही. संस्थेची वाढ हेच जेव्हा संस्थेचे प्रयोजन होते, तेव्हा हिशेब असाच निघतो.

२०१३ साली पिट्सबर्ग शहराने या संस्थेवर वेतनकराचा दावा लावला. हिची करमाफी काढून घ्या, अशी मागणी होती. त्यावर संस्थेचा बचाव असा की, मुख्य संस्थेकडे एकही नोकर नाही. सारे उपसंस्थांचे आहेत. २०१४ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला आणि पुढे शहराने माघार घेतली. हजारो आया, स्वयंपाकी आणि सफाई कामगार ज्या नावाखाली राबतात, ते नाव कायद्यापुढे मालक नाही! याच कामगारांच्या आंदोलनानंतर २०१६ साली संस्थेला प्रारंभीचे वेतन टप्प्याटप्प्याने ताशी १५ डॉलरपर्यंत नेण्याचे जाहीर करावे लागले. न्यायालयात जे साधले नाही, ते संघटनेच्या रेट्याने काही अंशी साधले.

कोणी म्हणेल, मोठ्या संस्थेवाचून यकृतारोपण कसे होणार? हे खरे आहे. पण मुंबईचे के. ई. एम. रुग्णालयही मोठे आहे आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाशी १९२६ पासून जोडलेले आहे. ते महापालिकेचे आहे. गिरणगावाच्या मधोमध, परळला उभे आहे. तेथे गर्दी आहे, गैरसोय आहे, तेथील कारभारावर आपण टीका केलीच पाहिजे. परंतु ते बंद करायचे ठरवले तर लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाला जाब देणे भाग आहे. ब्रॅडॉकच्या माणसाला जाब विचारायला असे सभागृह नव्हते. फरक आकाराचा नसून नियंत्रणाचा आहे.

आपल्याकडेही विश्वस्त संस्थांची व अभिमत विद्यापीठांची रुग्णालये झपाट्याने वाढत आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या आहेत. या खाटा म्हणजे उपकार नव्हेत; समाजाने दिलेल्या सवलतींची ती परतफेड आहे. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या तालुक्यातील अशा रुग्णालयांची यादी करावी. राखीव खाटांचा फलक दर्शनी भागात आहे की नाही ते पाहावे, आणि नाकारलेल्या रुग्णाला बरोबर घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जावे. हे काम भाषणाइतके आकर्षक नाही. पण करमाफी देणाऱ्या समाजाला कारभारात आवाज असला पाहिजे, ही मोठी मागणी अशाच लहान कामांतून बळ धरील.