विखुरलेल्या पुराव्याची जुळणी

संशोधन म्हटले की प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शक आणि रुग्णालयातील खाटा यांचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. ज्याने स्वतः एकही रुग्ण तपासलेला नाही आणि जो इतरांनी लिहिलेले निबंधच वाचीत बसला आहे, त्याला संशोधक म्हणावयास आपले मन सहसा धजत नाही. तथापि आरोग्यशास्त्रात या वाचणाऱ्या संशोधकाचे महत्त्व आज फार वाढले आहे. एकाच प्रश्नावर ठिकठिकाणी झालेले अभ्यास शोधून काढणे, ते पारखणे आणि त्यांची जुळणी करून निष्कर्ष सांगणे, या कामाला पद्धतशीर आढावा असे म्हणतात. ही विद्या शिकावी कशी, याचा विचार आपण भोपाळच्या एका उदाहरणाच्या आधारे करू.

१९८४ सालच्या २ व ३ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. त्या रात्री ज्या स्त्रिया गरोदर होत्या, त्यांचे पुढे काय झाले? प्रश्न साधा दिसतो. त्यावर झालेले दोन अभ्यास पाहा. १९८७ साली प्रसिद्ध झालेला पहिला अभ्यास कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या ८६५ गरोदर स्त्रियांचा आहे. घटनेनंतर नऊ महिन्यांनी घरोघर विचारपूस केली असता, त्यांपैकी सुमारे ४३ टक्के स्त्रियांच्या पोटी जिवंत मूल जन्मले नाही, असे आढळले. १९९० सालच्या दुसऱ्या अभ्यासात वायुपीडित भागातील २,५६६ आणि वायू न पोहोचलेल्या भागातील १,२१८ गरोदर स्त्रिया होत्या. गर्भपाताचे प्रमाण पहिल्या गटात २४ टक्के, तर दुसऱ्या गटात साडेपाच टक्क्यांच्या आसपास होते.

आता नवशिका विचारतो, खरे कोणते? त्रेचाळीस की चोवीस? काही जण दोहोंची सरासरी काढून मोकळे होतात. हिशेब सोपा आहे, पण तो शास्त्र नव्हे. पहिल्या अभ्यासाने जिवंत न जन्मलेल्या सर्वच बालकांची गणना केली. दुसऱ्याचा आकडा केवळ आपोआप झालेल्या गर्भपातांचा आहे. पहिल्यातील स्त्रिया कारखान्याच्या अगदी निकट राहणाऱ्या होत्या, आणि वायूचा मारा सर्व वस्त्यांवर सारखा झालेला नव्हता. दुसऱ्यात तुलनेसाठी वायू न पोहोचलेला भाग होता. पहिल्यातही जन्मलेल्या मुलांविषयी तुलना आहे, परंतु ती मागील वर्षांशी: जिवंत जन्मलेल्या ४८६ मुलांपैकी १४ टक्के मुले महिनाभरातच दगावली, आधीच्या दोन वर्षांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आतबाहेर होते. म्हणजे आकडे एकमेकांविरुद्ध साक्ष देत नाहीत. ते निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. हे ओळखता येणे हाच या विद्येचा पहिला धडा होय.

यावरून आढाव्याचे नियम आपोआप सुचतात. एक, प्रश्न आधी निश्चित करावा: कोणती माणसे, कशाचा संपर्क, कोणाशी तुलना आणि कोणता परिणाम. दोन, कोणते अभ्यास घ्यावयाचे व कोणते वगळावयाचे, हे वाचनास प्रारंभ करण्यापूर्वीच लिहून जाहीर करावे. अन्यथा आपल्या मताला सोयीचे निबंध आपोआप आत येतात आणि गैरसोयीचे बाहेर राहतात. यासाठी २०११ पासून एक आंतरराष्ट्रीय नोंदवहीही चालू आहे. तीन, शोध सर्वत्र घ्यावा. इंग्रजी नियतकालिकांतच नव्हे, तर हिंदीतील लेखन, विद्यापीठांतील प्रबंध आणि सरकारी अहवाल यांतही घ्यावा. चार, निवड आणि आकड्यांची नोंद दोघांनी स्वतंत्रपणे करावी आणि मतभेद झाल्यास तिसऱ्याकडे जावे. पाच, प्रत्येक अभ्यासाची पारख करावी. पीडितांपैकी किती जण पुढे शहर सोडून गेले? नऊ महिन्यांनंतर सांगितलेली आठवण कितपत विश्वसनीय? आकड्यांची बेरीज करावी की करू नये, हा प्रश्न या सर्वांनंतर येतो. आणि ‘करू नये’ हेही एक प्रामाणिक उत्तर असते.

या शास्त्राची प्रेरणा बव्हंशी कार्डिफ येथील डॉ. आर्ची कॉक्रेन यांची. प्रत्येक शाखेतील सर्व नियंत्रित चाचण्यांचा टीकात्मक सारांश वेळोवेळी तयार करण्याची व्यवस्था आपल्या व्यवसायाने केली नाही, असा बोल त्यांनी १९७९ साली लावला. त्यांच्या नावाची आंतरराष्ट्रीय संघटना १९९३ साली स्थापन झाली. तिच्या बोधचिन्हामागील कथा उद्बोधक आहे. अकाली प्रसूतीची भीती असलेल्या मातेला एक स्वस्त संप्रेरक दिल्यास बाळाच्या फुप्फुसांना बळ येते, हे न्यूझीलंडमधील एका चाचणीने १९७२ साली सुचविले होते. पुढे अनेक चाचण्या झाल्या. पण प्रत्येक एकेकटी पाहिली गेल्यामुळे पुष्कळ डॉक्टर साशंकच राहिले. १९९० च्या सुमारास त्यांची जुळणी झाली तेव्हा लाभ निःसंशय दिसला. दरम्यानच्या वर्षांत जी बाळे वाचू शकली असती, ती वाचली नाहीत.

भोपाळमध्ये अडचण आणखी वेगळी. विषारी वायूची चाचणी चिठ्ठ्या टाकून माणसांवर घेता येत नाही. जे घडले त्याची काळजीपूर्वक नोंद एवढाच पुरावा. ती नोंद झाली, हे मान्य केले पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८५ ते १९९४ या काळात वायुपीडित भागातील सुमारे ८० हजार माणसांचा पाठपुरावा केला. परंतु तारखांकडे लक्ष द्या. नुकसानभरपाईची ४७ कोटी डॉलरची तडजोड सर्वोच्च न्यायालयापुढे फेब्रुवारी १९८९ मध्ये झाली. गर्भपातासंबंधीचा वर उल्लेखिलेला दुसरा निबंध त्यानंतरच्या वर्षी छापला गेला, आणि परिषदेचा दीर्घकालीन पाहणीचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध व्हावयास २००४ साल उजाडले. जे कागद कपाटात असतात, त्यांचा आढावा कोणालाही घेता येत नाही. आणि निर्णय मात्र त्यांची वाट पाहत थांबत नाहीत.

आज भोपाळमध्ये २०१० साली स्थापन झालेली पर्यावरणीय आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, आणि २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही आहे. तेथील किंवा अन्यत्रच्या तरुण वैद्यांनी आढाव्याचे तंत्र शिकावे, हे तर इष्टच. पण संगणकावर शोधशब्द टाकणे आणि आकृत्या काढणे म्हणजे ती विद्या नव्हे. आपल्याला पटणारा अभ्यास ज्या कसोटीला लावावयाचा, तीच कसोटी न पटणाऱ्यालाही लावणे, आणि जो पुरावा समोर नाही त्याची चौकशी करीत राहणे, हे तिचे मर्म आहे. टक्केवारीतील प्रत्येक अंकामागे एक माता आहे. तिच्या दुःखाची नोंद एकदा झाली असेल, तर ती हिशेबातून गळू न देणे हे वाचणाऱ्या संशोधकाचे कर्तव्य होय.