आमसुलाचा हिशेब

(कोकणातील बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



एप्रिल-मे आला की आपल्या अंगणात रातांब्यांचे ढीग पडतात. ते फोडायचे, गर आणि बिया वेगळ्या काढायच्या, त्यात मीठ घालून रस सुटू द्यायचा. साली त्या रसात बुडवून उन्हात घालायच्या. सुकल्या की पुन्हा रस, पुन्हा ऊन. अशी चार-पाच पुटं चढली की काळंभोर आमसूल तयार होतं. मध्येच वळवाचा पाऊस आला तर धावत जाऊन सगळं आत घ्यायचं, नाहीतर बुरशी धरते. हे तुम्हांला मी शिकवायची गरज नाही.

पण "काय काम करता?" असं विचारलं की आपण म्हणतो, "काही नाही, घरीच असते." आणि आमसूल विकलं गेलं की पैसे मात्र घरधन्याच्या हातात!

सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं, की घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, पुरुषाचा ९७ मिनिटं. विक्रीसाठी केलेलं वाळवण हे या पाच तासांहून वेगळं काम आहे. त्याची मजुरी कोण मोजतं?

"झाड आमचं, जमीन आमची," असं ऐकवलं जातं. पण पिकलेला रातांबा थोड्या दिवसांत सडतो. तो वर्षभर टिकतो तो आपल्या हातांमुळे. शिवाय जमिनीचंही बोलायला हवं. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. सातबाऱ्यावर आपलं नाव आहे का, हे किती जणींनी पाहिलं?

येत्या हंगामात प्रत्येक गटाने एक वही ठेवावी. रातांबे किती, मीठ किती, कोणाचे किती तास, सगळं लिहावं. तासांना शेतमजुरीचा दर लावावा. मग व्यापाऱ्याचा भाव त्याशेजारी लिहावा. आपले किती श्रम फुकट जातात ते तिथेच कळेल. एकेकटीने दारात आलेल्या व्यापाऱ्याला माल देण्यापेक्षा गटाने मिळून भाव ठरवावा. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे लागणारी नोंदणी नवऱ्याच्या नव्हे, गटाच्या नावे करावी. पैसे बाईच्या खात्यात यावेत.

पाऊस लागला, वाळवण उचललं, की वह्या घेऊन पुन्हा बसू.