साक्ष घरची, साक्ष शाळेची



मुलाचा ताप तापमापकाने कळतो. त्याच्या मनातील भीती वा खिन्नता मोजावयाची कशी? त्याच्या सहवासातील माणसांनाच विचारावे लागते. मात्र या माणसांच्या साक्षी जुळत नाहीत.

इंग्लंडच्या दक्षिणेस आइल ऑफ वाइट नावाचे बेट आहे. तेथे १९६४-६५ मध्ये मायकेल रटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांची पाहणी केली. पालक व शिक्षक अशा दोघांकडूनही प्रश्नावल्या भरून घेतल्या. पालकांना ज्यांच्याविषयी चिंता वाटली ती मुले आणि शिक्षकांनी दाखविलेली मुले बहुतांशी निरनिराळीच निघाली. पुढे १९८७ मध्ये टॉमस आखेनबाख व त्यांच्या सहकाऱ्यांनी ११९ अभ्यास एकत्र पडताळले. आई-वडिलांसारख्या एकाच प्रकारच्या साक्षीदारांतील सहसंबंध सरासरी ०.६० भरला, पालक-शिक्षकांसारख्या भिन्न साक्षीदारांत तो अवघा ०.२८ होता. संपूर्ण मेळ असता, तर हा आकडा १ झाला असता.

मग खोटे कोण बोलते? बहुधा कोणीच नाही. रात्री उशीत तोंड खुपसून रडणारी मुलगी वर्गात मुकाट बसते, म्हणून गुणी ठरते. वाचता न येणारा मुलगा वर्गात दांडगाई करतो. घरी मात्र तो शांत असतो. हा मतभेद मोजमापातील दोष समजून पुसून टाकला, तर मुलाला नेमके कोठे बोचते हेच आपण गमावून बसू.

रॉबर्ट गुडमन यांच्या १९९७ मधील प्रश्नावलीत २५ विधाने आहेत. त्यांपैकी पाच मुलाच्या चांगुलपणाविषयी आहेत. तिच्यातील गुणांची बेरीज म्हणजे निवाडा नव्हे. तेथून पुढे मुलाशी बोलणे सुरू व्हावयास हवे.