सुताच्या गावात साखरेची पट्टी



रक्तातली आणि लघवीतली साखर ओळखणाऱ्या स्वस्त कागदी साधनांच्या या परिषदेत सोलापूर सर्वांचं मनापासून स्वागत करतं. हे गाव चादरीचं आणि टेरी टॉवेलचं. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. पाणी सुतात किती भराभर शिरतं, पीळ घट्ट असला की कुठे अडतं, हे इथल्या मागावरच्या कारागिराला हाताने ठाऊक असतं. परिषदेचा विषयही याच केशाकर्षणावर उभा आहे. पाहुणे योग्य घरी उतरले आहेत.

खरं तर कागदाआधी कापडच होतं. १८५० मध्ये मोमेने या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मेरिनो लोकरीची पट्टी कथिलाच्या क्लोराइडमध्ये भिजवून वाळवली. तिच्यावर लघवीचा थेंब टाकून ती तापवली, की साखर असल्यास पट्टी काळी पडे. पुढे १९५६ मध्ये अमेरिकेत हेलन आणि आल्फ्रेड फ्री या दांपत्याच्या संशोधनातून ‘क्लिनिस्टिक्स’ ही पट्टी आली आणि बुडवून रंग पाहण्याची पद्धत रूढ झाली. २००७ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने कागदावरच पाणी न शिरणाऱ्या रेषांनी वाटा आखल्या. थेंब पंपाशिवाय आपल्या वाटेने जातो, ग्लुकोज ऑक्सिडेज साखरेपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, दुसरं विकर त्याच्या साहाय्याने आयोडाइडचं आयोडीन करतं आणि कागद तपकिरी होतो.

महाराष्ट्रही यात मागे नाही. मुंबईच्या बायोसेन्स कंपनीचे मिश्किन इंगवले यांनी २०१३ मध्ये ‘यूचेक’ जगापुढे मांडलं. लघवीत बुडवलेल्या पट्टीचा रंग मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचायचा, अशी ती कल्पना. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पत्र पाठवून विचारलं: या पट्ट्यांना मंजुरी आहे ती डोळ्यांनी वाचण्यासाठी, मग फोनने वाचण्याची मंजुरी कुठे आहे? प्रश्न रास्त होता. पट्टी, उजेड आणि कॅमेरा मिळून एकच साधन होतं, आणि तपासणी त्या सगळ्याचीच व्हायला हवी.

बंगळुरूच्या अचिरा लॅब्जचं काम सोलापूरला सर्वांत जवळचं वाटावं. तिथे रसायनं चढवलेले रेशमी धागे हातमागावर विणून चाचणीच्या पट्ट्या तयार झाल्या. साखर मोजणाऱ्या अशा विणलेल्या पट्टीवरचा त्यांचा निबंध २०१५ चा आहे. विणकराचं कसब निदानाच्या कामी येतं, याचा हा रोकडा पुरावा आहे.

गरज किती मोठी? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. सोलापुरात हजारो बायका विड्या वळतात, तेही नगावर. उपाशीपोटी रक्त द्यायला रांगेत उभं राहिलं, की तेवढी मजुरी बुडते. म्हणून पट्टीची किंमत मोजताना हा बुडालेला वेळही धरावा, असं स्वागत समितीला आग्रहाने वाटतं.

दुसरा आग्रह उन्हाचा. बाजारातल्या बहुतेक पट्ट्या ३० अंशांखाली ठेवायला सांगितलेलं असतं. सोलापूरचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडतो आणि घरोघरी आरोग्यसेवा पोहोचवणाऱ्या आशाताईंच्या पिशवीत फ्रीज नसतो. शिवाय रक्तक्षय असला, तर अनेक ग्लुकोमीटर साखर वाढवून दाखवतात, आणि देशातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. लघवीची पट्टीही रक्तातल्या साखरेने साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरचा टप्पा ओलांडल्यावरच बोलते. त्याआधीचा मधुमेह तिला दिसत नाही. स्वस्त पट्टीने गरिबाला चुकीचा आकडा दिला, तर तो अन्याय आहे. या त्रुटींवर इथे उघडपणे वाद व्हावा.

उद्या दुपारी प्रतिनिधींसाठी यंत्रमाग कारखान्याची भेट ठेवली आहे. सोबत कागदाचे नमुने न्यावेत आणि कारागिरांना नि:संकोच प्रश्न विचारावेत. मराठी, तेलुगू किंवा कन्नड, जी भाषा जमेल तीत. आता अध्यक्षांनी परिषदेचं उद्घाटन करावं, अशी स्वागत समितीची विनंती आहे.