नुसत्या फोडणीनं पोट भरत नाही

आजोबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला, की घरातली तरुण मंडळी हल्ली विचारतात, "ते डोळ्यांवर लावायचं व्हीआर घेऊ का? हात लवकर सुटतो म्हणे." घ्या की! पण फोडणीनं वरण खमंग होतं, नुसती फोडणी वाढून पंगत उठत नाही. वरण म्हणजे रोजचा व्यायाम. तोच हात, तोच पेला. उचला, ठेवा, पुन्हा उचला. मेंदूला हरवलेली हालचाल नव्यानं शिकवायची तर ही घोकंपट्टी लागतेच. तिचा कंटाळा येतो, आणि खेळाची गरज लागते ती तिथं.

निन्टेंडोचा वी हा व्हिडिओ गेम २००६ साली आला. हातातला रिमोट फिरवला की पडद्यावरचा चेंडू टोलवला जातो. फिजिओथेरपीवाल्यांनी तो लगेच उचलला. पुढं २०१६ मध्ये कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंडमधल्या १४१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच होते. वर काहींना वी, बाकीच्यांना पत्ते, बिंगो, चेंडू असले साधे खेळ. दोन आठवड्यांनी हात दोन्हीकडचे सुधारले, आणि जवळजवळ सारखेच! म्हणजे फोडणी जिऱ्याची की मोहरीची, यावर फार अडत नाही. कॉक्रेनच्या २०१७ च्या आढाव्यात ७२ चाचण्या होत्या. उपचारांऐवजी खेळ दिला तर हाताला जास्तीचा फायदा नाही. जोडीला दिला तर दिसतो. जोडीला, बरं का. ऐवजी नव्हे.

तोल सांभाळण्याचंही तसंच. वारंवार पडणाऱ्या ३०२ ज्येष्ठांच्या एका अभ्यासात काहींना ट्रेडमिलवर चालताना समोरच्या पडद्यावर स्वतःची पावलं दिसत, वाटेत अडथळे येत. पुढच्या सहा महिन्यांत ही मंडळी नुसत्या ट्रेडमिलवाल्यांपेक्षा कमी वेळा पडली; पायांबरोबर डोकंही चालवावं लागलं होतं ना! पण चालणं होतंच हो, खेळ त्याच्यावर.

आणि फोडणी जळतेही. खेळ नातवाच्या वेगाचा असला की आजी सारख्या हरतात, मग रिमोट कपाटात. उलट एखादे हुशार आजोबा नुसतं मनगट झटकून गुण मिळवतात. यंत्र टाळ्या वाजवतं, खांदा मात्र जागचा हललेला नसतो! हे बघायला शेजारी माणूस लागतो. यंत्राला हजारो रुपये मोजता, मग अर्धा तास जवळ बसायला काय होतं? पुन्हा सांगतो, जोडीला. तुमच्याही जोडीला.

वेळ संपल्याची खूण झाली. घाईनं दोनच गोष्टी. डोळ्यांवरचं यंत्र पहिल्यांदा हातांच्या खुर्चीत बसवूनच लावा. भोवळ येते, मळमळतं, समोरची भिंतही दिसत नाही. उभ्यानं कधी, ते फिजिओथेरपिस्ट सांगतील. आणि एकाच हातानं पत्ते खेळायचे तर खाच पाडलेली लाकडी पट्टी सुतार सहज करून देतो, फक्त ती खाच थोडी तिरकी... बरं, ते पुढच्या वेळी.