तुवैकच्या कड्यातले शिंपले
(शराफिया, जेद्दा येथील बैठकीतील भाषण)



आपण सह्याद्री पाहत वाढलो. तो लाव्हारसाचा डोंगर. त्याच्या काळ्या कातळात समुद्रातला शिंपला सापडायचा नाही. म्हणून रियाधजवळचा तुवैक पर्वत आपल्याला चकित करतो. उत्तर-दक्षिण सुमारे ८०० किलोमीटरचा हा चुनखडीचा कडा. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब, पण दगडात प्रवाळ, शिंपले आणि अमोनाइट. देवघरातल्या शाळिग्रामात जे चक्र दिसते, तेही अमोनाइटचेच.

सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळात, तिथे उथळ, उबदार समुद्र होता. तळाशी साचलेल्या कवचांचा आणि गाळाचा दगड झाला. हे थर पूर्वेकडे कललेले आहेत. तुवैकला उघड्यावर दिसणारा दगड पूर्व भागात जमिनीखाली खोल जातो. त्या समुद्राच्या सेंद्रिय गाळातूनच घवारसारख्या क्षेत्रांचे तेल तयार झाले.

कुठला थर कोणत्या काळातला, हे भूशास्त्रज्ञ जीवाश्मांवरून ओळखतात. आजही तेलविहीर खणताना वर येणाऱ्या चुऱ्यातले सूक्ष्म जीवाश्म तपासले जातात. हे जमते, कारण जीव काळानुसार बदलत गेले. नाहीशी झालेली जात वरच्या थरात पुन्हा उगवत नाही. हा बदल म्हणजेच उत्क्रांती. आपला इथला पगार थेट नाही तर आडवळणाने या ज्ञानावर उभा आहे.

आणि २०२३ साली एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला! १८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी पत्र काढून विरोध केला. अकरावीत जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलाला मग उत्क्रांती शिकायला मिळणार कुठे? इथली आपली अनेक मुले सीबीएसईच्याच शाळांत शिकतात.

निषेधाचे पत्र आपणही पाठवू. पण पुस्तकातले पान गेले तरी डोंगर जागेवर आहे. रियाधला जाल तेव्हा मुलांना कड्यापाशी न्या. शिंपला उचलून आणू नका, तिथेच दाखवा. 'हा इथे कसा आला?' असे मुलांनी विचारले की लगेच उत्तर देऊ नका. त्यांना तर्क करू द्या. तेवढे लांब जमत नसेल, तर शेजारच्या बलदमध्ये चला. तिथल्या जुन्या घरांच्या भिंती तांबड्या समुद्रातल्या प्रवाळ-दगडाच्या आहेत. तुवैकच्या प्रवाळांचे हे अलीकडचे नातलग.

कुणाच्या श्रद्धेशी भांडायचे नाही. मुलांचा प्रश्न विचारायचा हक्क मात्र सोडायचा नाही.